तक्रारदार, पुरुष, वय ४७

कातरणाच्या उजव्या कोपऱ्यात एक अंगठा अन् दोन बोटं दिसतात, नारळ धरलेली. ती माझी आहेत. बाकीचा मी त्या फोटोतून कापला गेलो. मीच कापलं, मोबाइलवर, घाईघाईत, म्हणून बोटं राहिली.

फोटो ६ जानेवारी २०१८चा. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, म्हणून महाराष्ट्रात हा पत्रकार दिन. आमच्याकडे तहसीलच्या सभागृहात खुर्च्या मांडतात अन् तालुक्यातल्या आठ-दहा वार्ताहरांना शाल-नारळ देतात. ज्यांच्यावर वर्षभर नजर ठेवायची, त्यांच्याच हातची शाल खांद्यावर घेऊन आम्ही फोटो काढतो अन् संध्याकाळी आपल्याच सत्काराची बातमी आपणच पाठवतो. त्या वर्षी मला शाल घातली ती एका तलाठ्यानं. पाच महिन्यांनी, जूनमध्ये, तो लाच घेताना पकडला गेला. त्याचा फोटो माझ्याकडे तेवढाच होता.

तालुक्याचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्हा, एवढं पुरे. त्यापुढं एक शब्द जास्त लिहिला की आमच्याकडच्यांना माणूस ओळखू येतो, अन् हे सगळं लिहायला बसलोय ते अशाच एका जास्तीच्या शब्दापायी.

माझं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. कोर्ट फी तिकिटं, अर्जांचे नमुने, फायली, पेन, अन् पहाटे एसटीनं येणारे पेपरचे गठ्ठे. वार्ताहरकी गेली एकोणीस वर्षं. लोकांना वाटतं पेपरवाला म्हणजे पगार असेल. महिन्याचं मानधन पंधराशे रुपये, तेही तीन-चार महिन्यांचं एकदम येतं, आलं तर. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर: पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, अन् साहेबांचे वाढदिवस. पुरवणीचं टार्गेट वरून ठरून येतं अन् ते सरपंच, सभापती, ठेकेदार, कृषी केंद्रवाले यांच्याकडून पुरं करायचं असतं. म्हणजे सकाळी ज्याच्याकडे शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं, दुपारी त्याचीच नाली सहा महिन्यांत खचली म्हणून लिहायचं. हे ज्याला जमतं तो एक तर संत तरी असतो, नाही तर त्याच्या घरी दहा एकर ओलीत तरी असतं. माझ्याकडे दोन्ही नाही.

तर जूनचा तो दिवस. संध्याकाळी सहाच्या सुमारास व्हॉट्सअॅपवर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची प्रेसनोट आली. या प्रेसनोटची एक ठरलेली घडण असते. घटक, तक्रारदार, आलोसे, मागणी केलेली रक्कम, स्वीकारलेली रक्कम, ठिकाण, कारण. आलोसे म्हणजे आरोपी लोकसेवक. त्याचं नाव, वय, हुद्दा, साझा (म्हणजे तलाठ्याकडे असलेली गावं), सगळं स्पष्ट. तक्रारदाराच्या पुढं मात्र एवढंच: पुरुष, वय ४७. तडजोडीअंती तीन हजार रुपये. काम, वारस नोंदीचा फेरफार.

ज्यांनी सापळा पाहिला नाही त्यांना तो सिनेमासारखा वाटतो. तसं काही नसतं. माणूस तक्रार घेऊन जातो, किंवा १०६४ वर फोन करतो. आधी पडताळणी होते: दोन सरकारी पंच, एक रेकॉर्डर, अन् साहेब खरंच पैसे मागतो का ते ऐकायचं. मागितले तर नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरवतात, नोटांना फिनॉल्फथॅलीनची पावडर लावतात अन् तक्रारदाराला बजावतात की मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यानं घेतले की इशारा, मग धाड. मग त्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची. पाणी गुलाबी होतं. मी एकदा ती सीलबंद बाटली टेबलावर ठेवलेली पाहिली आहे. गुलाबाच्या सरबताचा रंग, अन् तळाला थोडा मळ.

त्या दिवशी प्रेसनोट सगळ्यांना एकाच वेळी आली होती. आमच्या तालुक्यात पाच पेपर, अन् तेव्हा नुकतीच निघालेली दोन यूट्यूब चॅनलं. सगळ्यांकडे तेवढाच मजकूर. डेस्कवरून फोन आला, “आपल्याकडे वेगळं काय आहे?” हा प्रश्न एकोणीस वर्षांत मला जितक्या वेळा विचारला गेलाय, तितक्या वेळा बायकोनं जेवलात का विचारलं नसेल.

मी गावात एकाला फोन लावला. कोणाला, ते इथंही लिहिणार नाही. त्यानं पाच मिनिटांत सगळं सांगितलं. म्हातारा पोळ्याच्या आधी गेला. तीन भाऊ. नाल्याकाठचं वावर, पांदणीला, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या वाटेला, लागून. मधल्या भावानं अर्ज दिला, तोच हेलपाटे घालत होता.

मी लिहिलं: ‘वडिलांच्या निधनानंतर नाल्याकाठच्या शेतीवर तिन्ही भावांची नावे चढविण्यासाठी मधल्या भावाने अर्ज केला होता.’ नाव लिहिलं नाही. आडनाव नाही, गट नंबर नाही. पाठवताना मला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं होतं, की बघा, आपण नियम पाळतो.

गाव एकशे ऐंशी घरांचं. नाल्याकाठी पांदणीला लागून वावर असलेले, बाप वारलेले तीन भाऊ एकशे ऐंशी घरांत किती असतील? मी नावाशिवाय सगळंच लिहिलं होतं, अन् खेड्यात नाव हे माणसाच्या ओळखीतलं सगळ्यात शेवटचं असतं. आधी वावर, मग बाप, मग आजा, मग तो. शहरात बसून पाळायचा नियम मी तसाच्या तसा गावात आणला होता.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. तीन कॉलम, पहिल्या पानाच्या खालच्या अंगाला. मथळा डेस्कचा: ‘लाचखोर तलाठी जाळ्यात’. खाली फोटो, फोटोत माझी बोटं. ‘लाचखोर’ हा शब्द मी लिहिला नव्हता, पण मी लिहिला असता तरी त्या दिवशी मला काही वाटलं नसतं. खटला उभा राहायचा होता, दोषारोपपत्र नव्हतं, अन् आम्ही मथळ्यातच निकाल देऊन मोकळे. एवढा झपाटा आमच्या कोर्टानं दाखवला असता तर बरं झालं असतं.

चॅनलवाला पोरगा दुपारी मोटारसायकल घेऊन गावात पोचला. माझी बातमी वाचूनच गेला होता, हे त्यानं नंतर दुकानात येऊन अभिमानानं सांगितलं. आधी तलाठ्याचं तालुक्यातलं भाड्याचं घर दाखवलं, दाराला कुलूप, दोरीवर वाळणारे कपडे. मग गावात नाल्याकाठचं ते वावर. “याच शेतीसाठी...” असं म्हणत कॅमेरा फिरवला. मागं कोठा दिसत होता, अन् कोठ्यापाशी एक बाई डोक्यावर पदर घेऊन वळून बघत होती.

जून महिना. आमच्याकडे जून म्हणजे पीककर्ज. बँकेला सातबारा पाहिजे, आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, पाहिजे. डिजिटल सहीचा सातबारा त्याच वर्षी सुरू झाला होता, पण आमच्या बँकेतल्या माणसाचा विश्वास शिक्क्यावर. तलाठी निलंबित झाला अन् साझ्याचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे गेला, ज्याच्याकडे आधीच दोन साझे होते. तो आठवड्यातून एक दिवस यायचा, कधी तोही नाही. पऱ्हाटी पेरायची वेळ, हातात पैसा नाही, अन् तलाठी कार्यालयाला कुलूप. गावानं हिशेब अगदी सोपा मांडला. हे कोणामुळे झालं? तलाठ्यामुळे नाही. ‘नाल्याकाठवाल्या’मुळे.

मी ते कानांनी ऐकलंय, माझ्याच दुकानात, झेरॉक्सला उभ्या असलेल्या दोघांच्या तोंडून.

“तीन हजारापायी साऱ्या गावाचं कर्ज अडकवलं त्यानं.”

“देऊन टाकले असते तर काय मेला असता काय? आपन नाइ देत?”

“मोठा हरिश्चंद्र होऊन राह्यला.”

त्या पावसाळ्यात त्याच्या वावरात निंदायला गावातली एकही बाई गेली नाही, असं मला नंतर कळलं. शेजाऱ्यानं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बैलबंडी जाऊ देणं बंद केलं, तर पांदणीच्या चिखलातून त्यानं युरियाच्या थैल्या डोक्यावर नेल्या. किराणावाल्यानं उधारी थांबवली. त्याचा साळा तलाठ्याच्या ओळखीनं कुठंतरी लागलेला होता. यातली एकही गोष्ट बातमी नव्हती. म्हणजे मी तिला बातमी मानली नाही. निंदायला बाया गेल्या नाहीत, ही काय बातमी झाली?

तलाठ्याचं काय झालं तेही सांगतो. जामीन लवकर झाला. उपविभागीय अधिकाऱ्यांनी निलंबनाचा आदेश काढला. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हे आमच्या निम्म्या वार्ताहरांनाही ठाऊक नसतं; ते ‘घरी बसवलं’ असं लिहितात. निम्म्या पगाराएवढा निर्वाह भत्ता सुरू राहतो, अन् विभागीय चौकशी वेगळी चालते, कोर्ट वेगळं. पंधरा-वीस दिवसांनी तो दुकानात आला. काउंटरवर निलंबनाचा आदेश ठेवला अन् म्हणाला, “पाच प्रती काढा.” मी काढल्या. मशीनमधून त्याचंच नाव पाच वेळा बाहेर आलं. पैसे देताना तो बोलला, आवाज न चढवता.

“भाऊ, तुम्ही मले एक फोन त केला असता.”

मी म्हणालो, “तुम्ही कस्टडीत होते.”

“दुसऱ्या दिवशी नोयतो.” मग थोडा थांबून म्हणाला, “तीन हजाराची बातमी केली. वरच्याची कधी कराल?”

या माणसाबद्दल मला काही कणव दाखवायची नाही. त्यानं पैसे घेतले, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती अन् आताही नाही. कारण साधं आहे: आमच्या घरच्या वाटणीचा फेरफार त्यानंच केला होता अन् मी त्याला सातशे रुपये दिले होते. मुकाट्यानं. वारस नोंद असो की वाटणी, अर्ज आला की नोंद धरायची, नोटिसा काढायच्या, हरकतीला पंधरा दिवस द्यायचे, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. एवढं सरळ काम. पैसे कुठं शिरतात तर ‘उद्या या’ या दोन शब्दांत. मी तीनदा ‘उद्या’ ऐकलं अन् चौथ्यांदा पाकीट काढलं. त्या सापळ्यानंतर महिनाभरानं, जुलै २०१८मध्ये, कायद्यात दुरुस्ती झाली: लाच देणाराही गुन्हेगार, पण बळजबरीनं द्यावी लागली असेल अन् सात दिवसांच्या आत पोलिसांत सांगितलं तर त्याला दोष नाही. माझे सातशे त्याच्या कितीतरी आधीचे. मी सात दिवसांत सोडा, सात वर्षांत कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय. ज्यानं सांगायची हिंमत केली, त्याचं वावर मी पेपरात छापलं होतं.

अन् ‘वरच्याची’ म्हणाल तर, होती माझ्याकडे. रेतीची. नियमानं रात्री रेती काढता येत नाही. माझ्याकडे रात्री दोन वाजताचे टिप्परचे फोटो होते, एकामागं एक सहा, अन् त्या टिप्परांना वाट कोण मोकळी करून देतो हेही तालुक्यातल्या प्रत्येक पानठेल्यावर माहीत होतं. मी बातमी केली, पाठवली. जिल्ह्यावरून फोन आला, “नाव काढा. ‘महसूल विभागाचे दुर्लक्ष’ एवढं ठेवा.” मग आठवड्यानं, “तूर्तास थांबवू.” दिवाळी पुरवणी तोंडावर होती. रेती घाटवाल्याचं अर्धं पान माझ्याच हातानं बुक झालं होतं, अन् त्याचं कमिशन मी मुलीच्या ट्यूशनला भरलं. त्यामुळे डेस्कला शिव्या द्यायचा अधिकार मला नाही. फोटो अजून जुन्या मोबाइलमध्ये आहेत. मोबाइल चालू होत नाही.

वाचणाऱ्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. बातमीत ‘एक अधिकारी’, ‘संबंधित’, ‘वरिष्ठ पातळीवरून’ असं असलं की समजायचं माणूस मोठा आहे, किंवा जाहिरात मोठी आहे. पूर्ण नाव, वय, गाव, फोटो असलं की समजायचं तो तलाठी आहे, ग्रामसेवक आहे, नाही तर लाइनमन. (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पाटी बदलली. लोक तलाठीच म्हणतात.) नाव झाकण्याला आम्ही दया म्हणतो, संयम म्हणतो. दया असती तर ती तक्रारदाराच्या वाट्याला आधी आली असती. लोकसेवकानं कामाच्या खुर्चीत बसून जे केलं, त्यात त्याचं नाव यायलाच पाहिजे, लहान असो की मोठा. तलाठ्याचं नाव छापलं, ही माझी चूक नव्हती. चुका दुसऱ्याच होत्या.

त्यातली एक घरात सापडली. माझी मुलगी तेव्हा नववीत. तलाठ्याची मुलगी तिच्याच वर्गात. शाळा सुरू झाली अन् ती पोट्टी दोन-तीन आठवडे आलीच नाही. मग टीसी काढून आजोळी गेली म्हणे. एका संध्याकाळी माझी मुलगी पेपरचं ते पान घेऊन बसली होती. म्हणाली, “बाबा, हा नारळ तुमच्या हातातला आहे नं?” बोटात तांब्याची अंगठी आहे माझ्या, पाठदुखीसाठी घातलेली. ती फोटोत स्पष्ट दिसते. डेस्कला दिसली नाही, संपादकाला दिसली नाही, तिला दिसली. “म्हणजे तुम्ही बाजूलेच उभे होते.” मी होय म्हणालो. तिनं घडी घातली अन् पान रद्दीत न टाकता माझ्या टेबलावर ठेवलं. तिथून ते कातरण माझ्याकडे आहे.

खटला चालला यवतमाळला, विशेष न्यायालयात. निकाल लागला नोव्हेंबर २०२२मध्ये. मधल्या काळात मी त्याचा एक शब्द लिहिला नाही. तलाठी दीड वर्षातच पुन्हा कामावर आला होता, दुसऱ्या तालुक्यात, तेही लिहिलं नाही. कोणी विचारलंच नाही तर कशाला लिहायचं? निकालाची बातमीही मला सरकारी वकिलांच्या कारकुनाकडून कळली, कारण तो लग्नपत्रिका छापायला दुकानात आला होता. म्हणाला, “निर्दोष सुटला. तक्रारदार फितूर झाला नं.”

साक्षीत त्यानं सांगितलं की पैसे नेमके कशाचे होते ते आठवत नाही. मागणी कोणी केली, आठवत नाही. त्या खोलीत काय बोलणं झालं, आठवत नाही. मागणीच सिद्ध होत नाही म्हटल्यावर नुसत्या गुलाबी पाण्यानं काय होणार?

महिनाभरानं, १५ डिसेंबर २०२२ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नीरज दत्ता प्रकरणात निकाल दिला: तक्रारदार मेला किंवा फितूर झाला म्हणून खटला आपोआप कोसळत नाही, मागणी अन् स्वीकार इतर पुराव्यांवरून, परिस्थितीवरूनही शाबीत करता येतो. ते वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. कायद्याचा मुद्दा वकिलांनी बघावा. मला दिसलं एवढंच, की तक्रारदार फितूर होणं ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढं जावी लागते इतकी नेहमीची आहे, अन् ती कशी घडते हे मला माझ्या तालुक्यात बसून ठाऊक होतं. बाया निंदायला येत नाहीत. बंडीला धुरा मिळत नाही. किराणा उधार मिळत नाही. चार वर्षं. मग साक्षीच्या पिंजऱ्यात माणसाला आठवत नाही. त्याला पैसे देऊन गप्प केलं असेल, असं लोक म्हणतात. असेलही. पण गावानं त्याला आधी गप्प केलं होतं, अन् गावाला पत्ता मी दिला होता.

निर्दोष सुटल्याची बातमी मी तीनशे शब्दांची पाठवली. निकालाचा आधार, मधल्या तारखा, सगळं. छापून आल्या चार ओळी, सातव्या पानावर, ‘संक्षिप्त’मध्ये, वरती एका पतसंस्थेच्या आमसभेची सूचना. मुलीची पट्टी घेऊन मी दोन्ही कातरणं मोजली. पहिलं बावीस सेंटिमीटर. दुसरं चार.

प्रेस कौन्सिलचे नियम आहेत. कोणाविरुद्ध छापण्याआधी खातरजमा करा, त्याची बाजू घ्या, चूक झाली तर ठळकपणे दुरुस्त करा. कौन्सिल १९७८च्या कायद्याची. ती ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते, दंड करू शकत नाही. चॅनलवाल्या पोरांपर्यंत तर तिचा हातच पोचत नाही. खरं म्हणजे माझ्यापर्यंतही कधी पोचला नाही. माझ्या बातमीविरुद्ध तक्रार कोण करणार होतं? तलाठ्याला वकिलाची फी होती. नाल्याकाठवाल्याला तर अशी काही जागा असते हेही माहीत नव्हतं.

आता मी काय करतो, तर फार काही नाही. एक शंभर पानी वही केली आहे. तालुक्यात सापळा झाला की तारीख, हुद्दा, रक्कम, पुढं खटल्याचा नंबर मिळेल तसा. दर सहा महिन्यांनी कोर्टाच्या साइटवर बघतो, पुढची तारीख लिहून ठेवतो. वहीत अकरा नोंदी आहेत. शेवटचा रकाना भरलेल्या तीन. प्रेसनोटमध्ये तक्रारदाराबद्दल जेवढं आहे त्याच्यापेक्षा एक अक्षर जास्त लिहीत नाही, उलट काम काय होतं तेही मोघम करतो: ‘महसुली नोंदीसाठी’. मथळ्यात लाचखोर येऊ नये म्हणून डेस्कला सांगतो, दहातून सात वेळा येतोच. अन् दुसऱ्या दिवशी आलोसेला, किंवा त्याच्या वकिलाला, एक फोन. बहुतेक वेळा शिव्या मिळतात. एकदा एकानं उलट विचारलं, “किती घेता फोन करायचे?” त्याचाही दोष नाही, तालुक्यात फोन करून पाकीट मागणारे आहेतच, अन् त्यांच्याकडेही माझ्यासारखंच ओळखपत्र आहे.

मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात सापळा झाला. रात्री आठपर्यंत दहा-बारा व्हिडिओ फिरत होते, एकात तक्रारदाराच्या घराचं फाटक. आमच्याकडचा एक चॅनलवाला, पंचविशीतला, हुशार पोट्टं, माझ्या दुकानात बसून माझ्याशी वाद घालत होता.

“काकाजी, गाव नाइ, काम नाइ, मानूस नाइ. मंग बातमी कोन पाह्यल?”

“आलोसेचं नाव आहे नं.”

“आलोसे कोनाले पाह्यचा हाये? लोकाईले पकडून देनारा पाह्यचा असते.”

तो बरोबर बोलत होता. लोकांना पकडून देणाराच पाहायचा असतो. त्याच्या त्या व्हिडिओला चाळीस हजार व्ह्यूज होते, माझ्या बातमीखाली डेस्कचा मेसेज: ‘इतरांकडे तपशील आहे, आपल्याकडे नाही.’ मी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी पुरवणीच्या टार्गेटचा मेसेज आला, त्याला दिलं.

आता शेवटचं. फार्मर आयडीच्या धावपळीत दुकानात गर्दी असते, आधार अन् सातबाऱ्याच्या प्रती. गेल्या गुरुवारी दुपारी तो आला. नाल्याकाठवाला. सात वर्षांत पहिल्यांदा. एरवी तो कोपऱ्यावरच्या दुकानातून काढतो, मला माहीत आहे. तिथलं मशीन बंद होतं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. पिशवीतून प्लास्टिकची घडी काढली, त्यातून सातबारा काढला. वर तिन्ही भावांची नावं होती. मी प्रत काढत असताना तो काउंटरवर हात ठेवून उभा होता, नखांत माती.

“एक इचारू काय भाऊ?”

“विचारा नं.”

“नाल्याकाठच्या वावराचं तुमाले कोनं सांगतलं होतं?”

ज्यानं सांगितलं होतं तो अजून त्याच गावात आहे. दोघांची घरं एकाच बोळीत. दिवाळीला एकमेकांकडे फराळ जातो. एकोणीस वर्षांत मी कोणाचं नाव फोडलेलं नाही, अन् त्या क्षणी मला ती माझी फार मोठी पुण्याई आहे असं काही वाटलं नाही. मशीनचा पट्टा प्रकाश टाकत इकडून तिकडे गेला.

“आता आठवत नाही,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. मग कागदाची घडी घातली, प्लास्टिकमध्ये ठेवली, काउंटरवर चार रुपये ठेवले.

“हं,” तो म्हणाला. “मलेही नोयतं आठवलं.”